सिटिझनशिपसाठी लायब्ररीतला इंग्रजीचा क्लास: त्रेसष्टाव्या वर्षी जमेल का?

पोस्टवाली मावशी

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचते, पण लिहितेय पहिल्यांदाच. फोनवर बोलून टाइप होतं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ, लेकीकडे असते. वय ६३. लेक सिटिझन झाल्यावर तिने आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड केलं, त्याला आता पाच वर्षं होत आली. शिक्षण म्हणाल तर दहावी, तेही साताऱ्याकडच्या मराठी शाळेत. पुढे सगळं आयुष्य पोस्टाची एजंट म्हणून काढलं. आरडी, एनएससी, किसान विकास पत्र. फॉर्म भरण्यात माझा हात कुणी धरायचा नाही. मास्तरांपासून सरपंचांपर्यंत सगळे माझ्याकडूनच फॉर्म भरून घ्यायचे. म्हणजे इंग्रजी अक्षर मला परकं नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख, वारसाचं नाव, सगळं ठणठणीत. पण इथे दुकानात काउंटरवरची मुलगी काही बोलली की तोंडाला कुलूप. ती काय विचारते तेच कळत नाही, मग मी हसते आणि मान हलवते. त्यापायी एकदा स्टोअरचं क्रेडिट कार्डच माझ्या गळ्यात पडत होतं.

आता मुद्दा. लेक म्हणते, आई, सिटिझनशिपचा अर्ज कर. आमच्या ह्यांना ते अजिबात पसंत नाही. "या वयात देश बदलायचा?" असं म्हणून ते पेपरात तोंड घालतात. माझं गणित वेगळं आहे. सध्या गावी गेलं की पहिल्या दिवसापासून परतीचे दिवस मोजायचे. जास्त राहिलं तर विमानतळावर विचारतील, कार्ड जाईल, ही धास्ती. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात मी तिकडे सात महिने राहिले तर परत येताना जीव मुठीत. सिटिझन होऊन ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड, काढलं तर गावी हवं तितकं राहता येईल, कुणाला जाब द्यायला नको. म्हणजे गावी निवांत राहता यावं म्हणून मला अमेरिकन व्हायचंय! हे जावयाला सांगितलं तर तो चहा सांडेस्तोवर हसला. पण तुम्हीच सांगा, यात काय चूक?

आमच्या इथल्या लायब्ररीत इंग्रजीच्या फुकट क्लासचा कागद लावलाय. त्याच कागदावर खाली सिटिझनशिपच्या तयारीचाही वर्ग आहे. नातू अडीच वर्षांचा, तो दिवसभर माझ्याकडे, त्यामुळे संध्याकाळचाच वर्ग जमेल. विचारायचं असं:

हा क्लास खरंच फुकट असतो की आत गेल्यावर पुस्तकाचे, परीक्षेचे म्हणून काढतात? दोन्ही वर्ग करावेत की नुसता सिटिझनशिपचा पुरेल? परीक्षा बदलली म्हणतात, ती किती अवघड झालीय? ते माझे सात महिने आड येतील का? आणि गावची शेती माझ्या नावावर आहे, तिचं काय होईल? ह्यांचा सगळा राग त्या शेतीवरून आहे.

गवतीचहा

मावशी, क्लासच्या फंदात कशाला पडता? पन्नाशीच्या वर असलं की परीक्षा आपल्या भाषेत देता येते. माझ्या आत्येसासूबाईंनी दुभाषी नेऊन दिली, दहा मिनिटांत बाहेर आल्या.

झेलम एक्सप्रेस

गवतीचहा, अर्धवट माहिती देऊ नका हो, लोक त्यावर विसंबतात. नुसतं वय पुरत नाही, ग्रीन कार्डावर काढलेली वर्षंही लागतात. अर्ज करताना वय ५० आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं. तरच इंग्रजीची माफी मिळते आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाषामार्फत मराठीत देता येतात. वय ६५ आणि २० वर्षं असतील तर प्रश्नही मोजकेच, ठरलेल्या वीसातले. तुमच्या आत्येसासूबाई इथे जुन्या असणार. मावशींना ५५ आणि १५ च्या नियमात बसायला अजून दहा वर्षं काढावी लागतील.

एक वैद्यकीय माफीही आहे, एन-६४८ नावाचा फॉर्म डॉक्टरने भरून द्यायचा असतो. पण ती खऱ्या शारीरिक किंवा मानसिक व्यंगासाठी. "वय झालं, आठवत नाही" एवढ्यावर ती मिळत नाही, आणि तसा फॉर्म कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर दोन हात लांब राहा.

फळ्यासमोर

मावशी, मी शिकागोच्या एका उपनगरात लायब्ररीच्या इंग्रजीच्या वर्गाला हौसेने शिकवायला जाते. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, चहा घेऊन बसा.

क्लास खरंच फुकट असतो. प्रौढ शिक्षणासाठी केंद्र सरकारचा पैसा येतो (२०१४ च्या एका कायद्यात त्यासाठी वेगळा भाग आहे, आणि त्यात इंग्रजीबरोबर नागरिकशास्त्र शिकवायचीही सोय आहे), राज्य थोडी भर घालतं, लायब्ररी जागा देते आणि शिकवायला बऱ्याच ठिकाणी माझ्यासारखे बिनपगारी लोक. तुमच्या राज्यात लिटरसी न्यू जर्सी नावाची संस्था असे वर्ग घेते, काउंटी कॉलेजांतही चौकशी करा. एखाद्या ठिकाणी पुस्तकाचे थोडे डॉलर घेतात, पण ते आधी सांगतात. खरी किंमत हजेरीची असते. प्रतीक्षा यादी असते, त्यामुळे न कळवता दांड्या मारल्या की नाव काढून पुढच्याला घेतात. नातू तापला, बर्फ पडला, तर फोन करून कळवायचं. एवढं केलंत की कुणी काढत नाही.

पहिल्या दिवशी चाचणी होते. ती पास-नापासाची नसते, कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवायची असते. इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांच्या सहा पायऱ्या मानतात. आता कान देऊन ऐका, कारण आपल्या लोकांचा घोटाळा नेमका इथे होतो. चाचणी वाचण्याची असेल (कासास नावाची असते, बहुतेक कॉम्प्युटरवर) तर आपल्याकडची दहावी झालेली बाई भराभर खुणा करून चौथ्या पायरीवर जाऊन बसते. आणि त्या वर्गात सगळे फाडफाड बोलणारे. ती तीन आठवडे कोपऱ्यात बसते आणि मग यायची बंद होते. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता कुणी मराठी किंवा गुजराती काकू दिसली की मी आधीच सांगते, बाई, तोंडी चाचणी मागा. बेस्ट प्लस नावाची एक तोंडीच असते. तुम्हाला बोलण्याच्या पायरीचा वर्ग हवाय, वाचण्याच्या नाही. खालच्या वर्गात बसायला लाजू नका. तिथे मेक्सिकोच्या, डोमिनिकन रिपब्लिकच्या बायका भेटतील, ज्या घडाघडा बोलतात पण चार शब्द लिहायचे म्हटले की पेन खाली ठेवतात. त्यांच्या शेजारची खुर्ची पकडा.

दोन्ही वर्ग करावेत का? माझं स्पष्ट मत: आधी बोलण्याचा, मग सिटिझनशिपचा. पुष्कळ जण उलटं करतात आणि प्रश्नोत्तरं घोकून थेट मुलाखतीला जातात. घोकण्यात आपण कुणाला हार जाणार नाही, लहानपणापासून तेच केलंय. पण मुलाखतीत नागरिकशास्त्र हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे तो तुमचाच अर्ज, एन-४००.

इंग्रजी बोलता येतं की नाही याची वेगळी परीक्षा नसते. अधिकारी अर्ज समोर ठेवून त्यातलेच प्रश्न विचारतो आणि तुम्हाला कळतंय का ते बघतो. नाव, पत्ता, शेवटचा प्रवास कधी, किती दिवस. इथवर ठीक. मग सुरू होते "हॅव यू एव्हर"ची माळ. कधी अटक झाली का, कधी बेकायदा मतदान केलं का, कधी मादक पदार्थ विकले का, कधी एकाच वेळी दोन लग्नं होती का, कधी दहशतवादी संघटनेत होतात का. आणि आपल्या मावश्या काय करतात? समोर मोठा माणूस बसलाय म्हणून अदबीने मान डोलावतात आणि "येस, येस" म्हणतात! तुम्ही स्टोअरचं क्रेडिट कार्ड लिहिलंत ना, तसंच. फक्त इथे हो म्हटल्याने गळ्यात पडेल ते क्रेडिट कार्डाइतकं स्वस्त नसतं. म्हणून मी वर्गात पहिला नियम करते: मान हलवायची नाही. आपलं ते आडवं डोलावणं त्यांना होकार वाटतं की नकार, त्यांनाच ठाऊक. तोंडाने "नो, आय हॅव नेव्हर" म्हणायचं. कळलं नाही तर "प्लीज रिपीट द क्वेश्चन" किंवा "कॅन यू से इट अनदर वे". असं विचारल्याने लगेच कुणी नापास करत नाही. न कळता हो म्हटल्याने मात्र पंचाईत होते.

यातली दुसरी मेख अशी की नो, नो, नो म्हणत जीभ बसली की शेवटी शपथेचे प्रश्न येतात आणि तिथे "येस" हवं असतं. राज्यघटना मानता का, शपथ घ्यायला तयार आहात का. कधी कधी अधिकारी मध्येच थांबवून विचारतो, शपथ म्हणजे काय? त्याला मोठी व्याख्या नको असते. "अ व्हेरी सीरियस प्रॉमिस" पुरे.

वाचन आणि लेखन एकेका वाक्याचं. वाचायला तीन संधी, एक वाक्य नीट वाचलं की झालं. लिहायलाही तीन, एक जमलं की झालं. शब्दांच्या दोन्ही याद्या सरकारनेच छापल्यात, यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज बघणारं सरकारी खातं, त्याच्या साइटवर फुकट आहेत, चिमुकल्या आहेत. "प्रेसिडेंट्स डे इज इन फेब्रुवरी" अशा तऱ्हेची वाक्यं. स्पेलिंगची बारीक चूक चालते, अर्थ कळला पाहिजे. पण शब्द तोडून छोटा करून लिहिलेला चालत नाही. आणि एक, आता बहुतेक ठिकाणी हे कागदावर नसतं, टॅब्लेटवर काडीसारख्या पेनने लिहायचं असतं. काचेवर हात घसरतो. एजंटकीच्या सवयीने तुम्ही पेन दाबून लिहीत असाल, तेव्हा नातवाच्या टॅबवर थोडा सराव करून जा.

परीक्षा बदललीय हे खरं. २० ऑक्टोबर २०२५ पासून पुढे भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा. आधी १०० प्रश्नांची यादी होती, त्यातले १० विचारायचे, ६ बरोबर आले की पास. आता यादी १२८ ची, विचारतात २०, बरोबर हवेत १२. बारा झाले की थांबतात, नऊ चुकले तरी थांबतात. म्हणजे प्रमाण तेच, ओझं जास्त. प्रश्न पाहून घाबरू नका. सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती (९), हाउसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, मतदान करणारे सदस्य किती (४३५), झेंड्यावर १३ पट्टे का. फक्त जुन्या वह्या आणि यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ वापरू नका. काही उत्तरं निवडणुकीबरोबर बदलतात. तुमच्याच राज्याचा गव्हर्नर बघा: जुन्या वह्यांत फिल मर्फी असेल, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये मिकी शेरिल निवडून आल्या. सिनेटर कोरी बुकर आणि अँडी किम. राजधानी ट्रेंटन, न्यूअर्क नव्हे. ही चूक वर्गात दर वेळी कुणीतरी करतं.

नापास झालात तरी आकाश कोसळत नाही. जो भाग राहिला तेवढाच ६० ते ९० दिवसांत पुन्हा घेतात, वेगळी फी नाही. फीचं सांगायचं तर ऑनलाइन ७१०, कागदावर ७६० डॉलर. घरचं उत्पन्न एका मर्यादेखाली असेल तर ३८०, पण तो अर्ज कागदावरच करावा लागतो.

घरी सरावाला यूएसए लर्न्स म्हणून साइट आहे, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो काउंटीच्या शिक्षण खात्याची. फुकट आहे आणि त्यात सिटिझनशिपचा वेगळा कोर्स आहे. मुलाखतीचे व्हिडिओ बघा, कान तयार होतो. पण ते वर्गाऐवजी नको. व्हिडिओ तुम्हाला उलटा प्रश्न विचारत नाही.

मुळशीकर

शेतीबद्दल मी सांगतो, स्वतः यातून गेलोय. काकूंनी काकांना निर्धास्त करावं. नावावर असलेली शेतजमीन सिटिझनशिप बदलल्याने जात नाही. वारसाहक्कानेही पुढे मिळू शकते. बंदी आहे ती नवी शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाउस विकत घ्यायला. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. फ्लॅट, दुकान यांना अडचण नाही. ही बंदी परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही आहे, त्यामुळे शेजारचा बांधाचा तुकडा घ्यायचा मनात असेल तर तो तुम्हाला आजही घेता येणार नाही. शंका असेल तर तिकडच्या वकिलाला विचारून घ्या. आणि सातबाऱ्यावरची नोंद, फेरफार वगैरे राहिलं असेल तर भारतीय पासपोर्ट हातात असतानाच उरकून टाका. नंतर अशक्य नाही, पण तलाठ्याला ओसीआय म्हणजे काय हे समजावण्यात तुमची सुट्टी जाते.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे शपथ झाली की भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, तो जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआयचा अर्ज. या मधल्या काळात गावी लग्नकार्य काढू नका. आणि ओसीआयवर मतदान नाही, हे काकांना आधीच सांगा, नाहीतर ऐन ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत घरात भडका उडेल.

झेलम एक्सप्रेस

सात महिन्यांचं राहिलं. सहा महिन्यांच्या वर आणि वर्षाच्या आत बाहेर राहिलं की सिटिझनशिपसाठी लागणारं इथलं सलग वास्तव्य तुटलं असं ते गृहीत धरतात. पण पुरावा देऊन ते खोडता येतं: सासूबाईंचे दवाखान्याचे कागद, त्या काळात इथे असलेलं घर आणि कुटुंब, इथला भरलेला टॅक्स. शिवाय पाच वर्षांत एकूण ३० महिने तरी इथे प्रत्यक्ष राहिलेलं लागतं. पासपोर्टवरचे सगळे शिक्के घेऊन तारखा मांडा. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी अर्ज टाकता येतो, पण तुमच्या बाबतीत घाई नको. आधी वकिलाला किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या संस्थेला कागद दाखवा. अशा संस्था अगदी कमी पैशात किंवा फुकट बघून देतात. कुठल्या दुकानावर "इमिग्रेशन सर्व्हिसेस, नोटरी" अशी पाटी असेल तर तिथे नको. नोटरी म्हणजे इथे वकील नव्हे.

उसाचा रस

माझी आई याच हिवाळ्यात पास झाली. तिचा किस्सा सांगतो. बाहेरच्या खोलीतून अधिकारीण तिला आत घेऊन जाताना सहज विचारते, "हाउ डिड यू गेट हिअर टुडे?" आईने घरी इतकी तयारी केलेली की ती तडक सुरू: माय सन इज सिटिझन, ही फाइल्ड पिटिशन, आय केम विथ इमिग्रंट व्हिसा... अधिकारीण थांबली आणि म्हणाली, "बाय कार?" आई म्हणाली, "नो नो, बाय एअर इंडिया."

पास झाली, काळजी नको. पण फळ्यासमोर म्हणतात ते सोळा आणे खरं. परीक्षा खुर्चीत बसल्यावर सुरू होत नाही, बोलावल्यापासून सुरू होते. मी आत जाऊ शकलो नाही, गाडीत बसून होतो. आई बाहेर आली ती पहिलं म्हणाली, "मेली हवापाण्याचंच जास्त विचारते."

पोस्टवाली मावशी

बाय एअर इंडिया वाचून आमचे हे पेपर बाजूला ठेवून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मुळशीकर, शेतीचं मोठ्याने वाचून दाखवलं. "बघू" म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे अर्धा होकार. एनआरआय झाल्यावर नवीन एनएससी घेता येत नाही हे मीच लोकांना सांगत आले, पण शेतीचा नियम मला ठाऊक नव्हता.

फळ्यासमोर ताई, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. एक शंका. शपथेत म्हणे कायद्याने सांगितलं तर देशासाठी हत्यार उचलाल का असं विचारतात. माझे गुडघे जिना चढताना बोलतात. मी काय सांगू?

दुसरं, हे तरुणपणी मुंबईत गिरणीत होते तेव्हा लाल बावट्याच्या युनियनची पावती फाडायचे. उद्या ह्यांचं मन वळलं तर अर्जात कम्युनिस्ट पक्षाबद्दल विचारतात, तिथे काय करायचं?

फळ्यासमोर

गुडघ्यांचा उल्लेख करू नका, मावशी! त्यांना तुमची तब्येत विचारायची नसते, तयारी विचारायची असते. कुणी साठीतल्या बाईला रणांगणावर पाठवत नाही. तुमची हरकत नसेल तर "येस". धर्माच्या किंवा विवेकाच्या कारणाने हत्यार नको असणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे, पण ती तशी मागावी लागते. त्यालाच जोडून आणखी दोन प्रश्न येतात, हत्याराविना सैन्यात सेवा कराल का आणि संकटकाळी नागरी काम कराल का. हे तीन प्रश्न एकामागून एक ऐकायची सवय करा. इंग्रजी लांबलचक आहे, पहिल्यांदा ऐकताना कुणालाच कळत नाही. इथे जन्मलेल्या माझ्या मुलालाही कळलं नव्हतं.

काकांचं मात्र वकिलाला विचाराच. युनियनची पावती आणि पक्षाचं सभासदत्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, शिवाय ते जुनं आहे. पण अर्जावर काय लिहायचं ते इथे आमच्यासारख्यांना विचारून ठरवू नका. लपवायचं नाही, एवढंच मी सांगेन. खरं सांगून अडचण आलीच तर तिला वाट असते, खोटं सापडलं की मग वाट राहत नाही.

पोस्टवाली मावशी (काही आठवड्यांनी)

विचारलं होतं म्हणून कळवते. क्लास लागला. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी, लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत. तोंडी चाचणी मागून घेतली. मास्तरीणबाईंनी एक चित्र दाखवलं, त्यात बाई दुकानात रांगेत उभी. विचारलं, काय चाललंय. मला सगळं दिसत होतं हो, पिशवी, रांग, मागचा वैतागलेला माणूस, पण तोंडातून आलं ते "लेडी... वेटिंग". खालून दुसऱ्या पायरीवर घातलं. बरोबर घातलं.

शेजारी कोलंबियाची एक बाई बसते, माझ्याच वयाची असेल. काय बोलते! व्याकरणाची पर्वा न करता सगळ्या वर्गाला हसवते. फेब्रुवरी लिहायचं आलं की मात्र माझ्या वहीत डोकावते. तो मधला आर तिला पटतच नाही, ऐकू येत नाही तर लिहायचा कशाला म्हणते. मी दर वेळी तिच्या वहीत बोट ठेवून दाखवते. त्या बदल्यात ती मला गप्प बसू देत नाही. मी मान हलवली की कोपराने ढोसते, "टॉक, टॉक." परवा दुकानात काउंटरवरच्या मुलीने पुन्हा ते क्रेडिट कार्ड काढलं. "नो, थँक यू, आय डोन्ट वॉन्ट," म्हटलं. एवढंच, पण सगळं तोंडाने म्हटलं.

सरावाला एन-४०० ची कोरी प्रत दिली होती. मी ती भरली कॅपिटलमध्ये, चौकटीला न शिवता. ती बघून दोघी-चौघी आपापले खरे अर्ज घेऊन आल्या, मला भरून दे म्हणून. हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. पण बाईंनी थांबवलं. स्पेलिंग सांग, घर नंबर कुठे लिहायचा ते दाखव, पण कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे सांगायचं नाही, ते वकिलाचं किंवा मान्यता असलेल्या माणसाचं काम. शिवाय दुसऱ्याचा अर्ज भरून दिला तर खाली भरणाऱ्याचं नाव आणि सही लागते. तिकडे मी आख्ख्या आळीचे वारस लावून दिले होते! असो, देश तसा कायदा.

सात महिन्यांचे कागद एका संस्थेत दाखवले. दवाखान्याची बिलं आणि लेकीच्या घरचे कागद जोडून अर्ज करता येईल म्हणाले, फक्त सगळी बिलं मागवून घ्या. ती दिराकडून यायचीत. तोवर अर्ज थांबवलाय, क्लास चालू आहे.

एक अडचण उरलीय. लेकीला गुरुवारी उशीर होतो आणि लायब्ररीपर्यंत फुटपाथ सलग नाही. अंधारात गाड्यांच्या कडेने चालायचा धीर होत नाही. एडिसन, इझेलिन, मेटचन भागातलं कुणी गुरुवारी साडेसहाला त्या बाजूला जात असेल किंवा स्वतःच्या आईला अशा वर्गाला सोडणार असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. पेट्रोलचे पैसे देईन, आणि ते नको असतील तर डब्यात काहीतरी असेलच.